‘कसंतरी होतंय’ म्हणजे काय? दवाखान्यात कधी निघायचं ते आधीच ठरवूया



समजा रात्रीचा दीड वाजलाय. पाड्यावर सगळी सामसूम आहे. तुमची सासू झोपेतून उठून ओट्यावर येऊन बसली. तुम्ही विचारलं, ‘काय झालं आये?’ ती म्हणते, ‘काही नाही गं, कसंतरी होतंय.’ छातीत दुखतंय का? ‘दुखत नाही, जड वाटतंय.’ कपाळ ओलं झालंय, पदराने पुसतेय. रात्री सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं होतं. तुमचे मालक म्हणतात, पित्त झालं असेल, सोडा दे. दीर म्हणतो, आता गाडी कुठं मिळणार, सकाळी बघू. आणि आये स्वतःच म्हणते, ‘तुम्ही झोपा, मला काही झालं नाही.’

अशा वेळी काय करायचं? सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच उठायचं?

हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात येणार आहे. तेव्हा डोकं चालत नाही, घरात चार माणसं चार गोष्टी सांगतात, आणि ज्या बाईला त्रास होतोय ती तर बोलतच नाही. म्हणून आज निवांत वेळ आहे तेव्हाच हे वाचून ठेवू. गटात जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा.

हृदयाचं दुखणं नेहमी ‘दुखत’ नाही

सिनेमात माणूस छातीवर हात दाबून धाडकन पडतो. खऱ्या आयुष्यात बऱ्याचदा तसं होत नाही. हृदयाला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद झाली की हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही. तो त्रास कुणाला छातीवर पाटा ठेवल्यासारखा वाटतो, कुणाला आवळल्यासारखा, कुणाला जळजळल्यासारखा. तो डाव्या हातात जातो, दोन्ही खांद्यांत जातो, मानेत, जबड्यात, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये जातो. कधी पोटाच्या वरच्या खड्ड्यातच राहतो, म्हणून आपण त्याला पित्त म्हणतो.

बायकांमध्येही छातीत जडपणा हीच सगळ्यांत जास्त दिसणारी खूण आहे. पण तिच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी दुसरी लक्षणं येण्याचं प्रमाण बायकांत जास्त असतं: दम लागणं, मळमळ, उलटी, थंड घाम, पाठ किंवा जबडा दुखणं, चक्कर, आणि कारण नसताना अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या नसा मंद झालेल्या असतात, म्हणून त्यांना झटका येऊनही फारसं दुखत नाही. म्हाताऱ्या माणसांचंही तसंच.

म्हणजे ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हा हिशोब चुकीचा आहे.

दुसरा चुकीचा हिशोब वयाचा. ‘अजून तरुण आहे, हिला कसला हार्टचा त्रास?’ जगातल्या ५२ देशांत हृदयविकाराच्या झटक्याचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. आपल्याकडे तो लवकर येतो. बायकांना पुरुषांपेक्षा काही वर्षं उशिरा येतो, पण येतो. आणि पाळी गेल्यावर धोका वाढतो.

ज्या घरात बीपी आहे, साखर आहे, आई-बापाला किंवा भावाला लवकर झटका आलाय, जी बाई रोज मशेरी लावते, तंबाखू मळते किंवा विडी ओढते, तिच्या ‘कसंतरी’कडे जास्त लक्ष द्यायचं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. दात घासायला लावली तरी ती रक्तात जाते.

सकाळपर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

नळी बंद झाली की हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो आणि पुढचे काही तास मरत राहतो. मेलेला भाग परत उगवत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते पहिल्या तीन तासांत दिलं तर सगळ्यांत चांगलं काम करतं. १२ तासांपर्यंतही त्याचा उपयोग होतो, पण जसजसा वेळ जातो तसतसा कमी होतो. रात्री दीडला सुरू झालं आणि सकाळी आठला निघालो, तर दवाखान्यात पोचेपर्यंत सगळ्यांत मोलाची वेळ संपलेली असते.

आपल्या देशात नेमकं असंच होतं. भारतातल्या ८९ दवाखान्यांतल्या २० हजारांहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास २००८ साली छापून आला. त्यात दिसलं की त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला साधारण सहा तास लागत होते. दवाखान्यात गेल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र ५० मिनिटं. म्हणजे जास्त वेळ घरात आणि रस्त्यात जातो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण गरिबांत शंभरात आठच्या वर होतं आणि श्रीमंतांत साडेपाच. मग कोणाला कोणते उपचार मिळाले हे धरून हिशोब केला, तेव्हा हा फरक उरलाच नाही. याचा अर्थ गरिबाचं हृदय कमकुवत असतं असं नाही. त्याला उपचार कमी मिळतात. उपचार मिळाले तर गरीब बाईही श्रीमंत बाईइतकीच वाचते. हे आपल्या गटासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण उपचारापर्यंत पोचवणं हे काम आपण करू शकतो.

तीन खण करा: आत्ता, आजच, या आठवड्यात

कोणताही त्रास असला की या तीन खणांपैकी कुठं बसतो ते बघा.

पहिला खण: आत्ता निघायचं. रात्र असो, पाऊस असो, भाताची लावणी असो.

- छातीत, पाठीत, जबड्यात, हातात किंवा पोटाच्या वर जडपणा, आवळणं, जळजळ आहे आणि स्वस्थ बसूनही १० मिनिटांत थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा पुन्हा येतंय.
- त्याच्यासोबत थंड घाम, दम, उलटी, चक्कर यांपैकी काहीही आहे. मग १० मिनिटंसुद्धा मोजत बसायचं नाही.
- बसल्या जागी धाप लागतेय, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, किंवा आडवं झालं की श्वास कोंडतो.
- छातीत धडधड होतेय आणि सोबत डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती दुखते किंवा दम लागतो.
- बाई चक्कर येऊन पडली, शुद्ध गेली, मग परत आली तरीही.
- तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय उचलत नाही, बोलणं अडखळलं. हा मेंदूचा झटका असतो. घाई तितकीच.

दुसरा खण: आजच, दिवस मावळायच्या आत डॉक्टरला दाखवायचं.

- चालताना, पाण्याचा हंडा आणताना, चढ चढताना छातीत जड होतं आणि बसलं की पाच मिनिटांत जातं, आणि हे नवीन आहे. महालक्ष्मीच्या यात्रेला गेल्या वर्षी गड सरसर चढलात आणि यंदा अर्ध्या वाटेत तीनदा बसावं लागलं, तर तो ‘वय झालं’ म्हणून सोडायचा विषय नाही. आधी पंधरा दिवसांतून एकदा व्हायचं ते आता रोज व्हायला लागलं असेल, किंवा बसल्या जागी व्हायला लागलं असेल, तर ते पहिल्या खणात गेलं.
- काल रात्री छातीत जड होऊन थांबलं, आज बरं वाटतंय. तरीही आजच ईसीजी. पुन्हा झालं तर लगेच निघा.
- पायांवर सूज, बोट दाबलं की खड्डा पडतो, आणि थोडं चाललं की दम लागतो.
- धडधड अर्धा तास थांबत नाही, बाकी त्रास नाही.

तिसरा खण: या आठवड्यात उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात दाखवायचं.

- मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, दोन-चार सेकंदात जातो.
- लवकर थकवा येतो, चेहरा फिका पडलाय, पाळीत जास्त जातं. बऱ्याचदा हे रक्त कमी असल्यामुळे असतं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, म्हणून धडधडतं.
- एका बोटाने दाखवता येईल अशा जागी टोचतं, तिथं दाबलं की जास्त दुखतं, ओझं उचलल्यावर सुरू झालं. ही बहुतेक वेळा स्नायूची उसण असते.

नाडी मोजायला शिकून घ्या. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. ती १२० च्या वर असेल किंवा ५० च्या खाली असेल आणि बाईला बरं वाटत नसेल, तर घरी थांबू नका.

आता त्या आयेकडे परत जा. छाती जड, घाम, झोपेतून उठवणारा त्रास. ती पहिल्या खणात आहे. बोंबील खाल्ले असतील, तरीही.

‘पण ते पित्तच असलं तर?’

असू शकतं. खरं सांगायचं तर छातीत त्रास घेऊन येणाऱ्या पुष्कळ लोकांचं हृदय ठीक निघतं. पित्त असतं, स्नायूची चमक असते, भीती असते. अडचण एवढीच आहे की घरात बसून हे ओळखता येत नाही. डॉक्टरलाही नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून तर ईसीजी आणि रक्ताची तपासणी करतात.

सोडा प्यायल्यावर ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता असं सिद्ध होत नाही. हृदयाचा त्रासही मध्ये थोडा कमी होतो, आणि नेमका तेव्हा सोडा प्यालेला असतो. म्हणून हवं तर सोडा घ्या, पण गाडीची वाट बघताना घ्या. सोड्याने काय होतंय ते बघायला तास घालवू नका.

भीतीचंही तसंच. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपायचे. जमीन हलली की छाती धडधडायची, हातपाय कापायचे. ते स्वाभाविक होतं. भीतीची धडधड लांब श्वास घेतल्यावर, कुणी जवळ बसल्यावर हळूहळू उतरते. पण बीपी-साखर असलेली पन्नाशीची बाई घामाघूम झाली असेल तर ‘घाबरलीय’ म्हणून तिला झोपवू नका. भीती आहे की हृदय, ते ईसीजी ठरवेल.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईला घाम, कापरं आणि भूक लागल्यासारखं होत असेल तर साखर उतरलेली असू शकते. ती शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. १०-१५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुढे निघा.

आणि एक लक्षात ठेवा: पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. काही वेळा तो सुरुवातीला साधा दिसतो. त्रास चालू असेल तर डॉक्टर काही वेळाने दुसरा काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात. ‘थांबा’ म्हणाले तर थांबा. घाईने घरी यायचं नाही.

आपल्या भागातल्या चार गोष्टी

विंचू. कोकणपट्टीतला लाल विंचू चावला तर विष थेट हृदयावर जातं. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर काम करत होते. विंचू चावलेली माणसं, लहान पोरं डोळ्यांदेखत जात होती. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, प्रत्येक तासाला काय होतं ते लिहून ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं की माणूस हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी भरून जातो. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरली. गंभीर विंचूदंशात शंभरात चाळीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकापर्यंत आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यासाठी धडा असा: विंचू चावल्यावर नुसती जागा ठणकत असेल तर धोका कमी. पण उलट्या, भरपूर घाम, हातपाय गार पडणं, तोंडातून लाळ, धाप यांतलं काही दिसलं तर ती हृदयाची घाई आहे. मंत्र उतरवत बसायची वेळ नाही. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न बघताच निघा.

सिकलसेल. आपल्या आदिवासी समाजात हा आजार आहे. ज्याच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे, त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि ताप किंवा दम असेल, तर वय १५ असो की ४०, पहिल्या खणात धरा. कार्ड सोबत घ्या.

बाळंतीण. नववा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात काही बायकांचं हृदय अशक्त होतं. आडवं झाल्यावर धाप, रात्री उठून बसावं लागणं, खोकला, पायाला सूज. घरात म्हणतात, ‘बाळंतपणात असंच असतं.’ नसतं. त्याच दिवशी दाखवा. धाप बसल्या जागी असेल तर लगेच.

लहानपणीचा सांध्यांचा ताप. घसा दुखून मग गुडघे-घोटे सुजले होते अशा मुलीच्या हृदयाच्या झडपा पुढे खराब होऊ शकतात. ती मुलगी लग्न होऊन गरोदर राहिली की दम लागायला लागतो. ज्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय त्यांनी ते वीटभट्टीवर गेलं तरी चुकवू नये. निघण्याआधी आशाताईकडून कागद लिहून घ्या.

गाडी येईपर्यंत

हे करा:

- बाईला बसवा, पाठ टेकवून, गुडघे वाकवून. कपडे सैल करा. गर्दी हटवा.
- एक मजबूत पाऊल चालू देऊ नका. पाड्यावर गाडी येत नसेल तर खुर्चीत बसवून किंवा झोळीतून रस्त्यापर्यंत आणा. चढ-उतार तिच्या पायांनी नको.
- त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं हेच विचारतील.
- ती घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं, जुने कागद, आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड एका पिशवीत टाका.
- ॲस्पिरिनची गोळी (३०० मिलिग्रामच्या आसपासची) चावून खाल्ल्याने फायदा होतो. फोनवर १०८ च्या किंवा केंद्राच्या डॉक्टरांना विचारा आणि ते हो म्हणाले तर द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर, कुठून रक्त जात असेल, किंवा तोंड वाकडं झालं असेल तर देऊ नका. पॅरासिटामॉल म्हणजे ॲस्पिरिन नाही, त्याचा इथं उपयोग नाही.

हे करू नका:

- शेजारच्या काकांची जिभेखाली ठेवायची गोळी देऊ नका. बीपी एकदम उतरू शकतं.
- छातीला तेल लावून चोळत बसू नका.
- जोरजोरात खोकलं की झटका थांबतो असा निरोप मोबाईलवर फिरतो. तो खोटा आहे.
- मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं हा अगदी शेवटचा उपाय. वाटेत शुद्ध गेली तर काही करता येत नाही.
- भगताकडे जायचा घरचा आग्रह असेल तर भांडू नका. सांगा, ‘आधी ईसीजी काढू, आल्यावर भगताकडे जाऊ.’ भगतांशीही गटाने आधीच बोलून ठेवावं, की छाती जड आणि घाम असेल तर त्यांनीच पुढे पाठवावं. त्यांचा शब्द घरात चालतो.

बाई कोसळली, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा मध्येच एखादी उचकी दिल्यासारखा आहे, तर छातीच्या मधोमध हाडावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात, भरभर दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी साधारण दोन इंच खोल. दमलात की दुसरीने घ्यायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. चुकेल म्हणून भिऊ नका. काहीच न करण्यापेक्षा ते बरं.

कुठं जायचं, कसं जायचं

१०८ ला फोन लावा. ही गाडी मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. १०२ ची गाडी मुख्यतः गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी आहे. तलासरीत, उधवा-आच्छाडच्या बाजूला मोबाईल कधी गुजरातचा टॉवर पकडतो. म्हणून फोन लागताच आधी सांगा: ‘महाराष्ट्र, पालघर जिल्हा, तलासरी तालुका’, मग गाव, पाडा, आणि जवळची ठळक खूण: शाळा, आश्रमशाळा, नाका, पूल. पाड्यात गाडी फिरून वेळ जाऊ नये म्हणून एकाला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा. गाडीला जास्त वेळ लागेल असं कळलं तर गावातली इको किंवा जीप काढा आणि वाटेत १०८ ला भेटायचं ठरवा.

जायचं तिथे, जिथे आत्ता या वेळी ईसीजी निघेल आणि डॉक्टर असेल. डहाणूचं आणि कासाचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय ही आपली सरकारी ठिकाणं. ‘थेट मुंबईला नेऊ’ किंवा ‘वापीच बरं’ असं घरातले म्हणतील. पण महामार्गावर कोंडी झाली की दोन-दोन तास अडकायला होतं. आधी जवळ ईसीजी, तिथे लागलं तर इंजेक्शन, मग डॉक्टर सांगतील तसं सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई. तेसुद्धा शक्यतो रुग्णवाहिकेतून.

दवाखान्यात पोचल्यावर लाजू नका, रांगेत बसू नका. स्पष्ट बोला: ‘छातीत जड होतंय, घाम आलाय, दीड वाजता सुरू झालं, बीपी आहे. ईसीजी काढा.’ ‘कसंतरी होतंय’ एवढंच सांगितलं तर तिथेही पित्ताची गोळी मिळू शकते.

पैशाचं काय?

बहुतेक घरांत पाय इथेच अडखळतो. म्हणून हे नीट ऐका. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, ईसीजी, उपचार मोफत आहेत. पहिली तपासणी करायला पैसे लागत नाहीत.

मोठा उपचार, म्हणजे अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण योजनेत असलेल्या दवाखान्यातच. तिथे आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. चौकशीचा मोफत नंबर १५५३८८. गुजरात किंवा सिल्वासाकडे जायची वेळ आली तर आयुष्मान कार्ड बाहेरच्या राज्यातल्या योजनेतल्या दवाखान्यात चालतं, त्याचा नंबर १४५५५. आयुष्मान कार्ड अजून काढलं नसेल तर आशाताईला विचारून या महिन्यातच काढा. झटका आल्यावर अंगठा लावायला धावाधाव नको.

गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, दोन दिवस बुडालेली मजुरी हा खर्च मात्र आपलाच. त्यासाठीच ग्रामसंघात जोखीम प्रवणता निधी आहे आणि गटाची बचत आहे.

‘काही निघालंच नाही’ तर?

बाईला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? मरणाची नाही. ‘एवढा खर्च केला, रात्री सगळ्यांना उठवलं आणि काही निघालंच नाही’ असं घरात ऐकावं लागेल, याची. म्हणून ती ओट्यावर बसून राहते.

ही भीती गटच घालवू शकतो. जी बाई रात्री जाऊन सकाळी ‘ईसीजी चांगला आहे’ म्हणून परत आली, तिला बैठकीत हसायचं नाही. तिला विचारायचं, कुठं गेलीस, किती वेळ लागला, कोण डॉक्टर होते, गाडीला किती पडले. तिने जाऊन आपल्या सगळ्यांसाठी रस्ता तपासून ठेवलाय. भात सुकवताना आभाळ भरून आलं की आपण ताडपत्री घालतोच ना? पाऊस नाही पडला तर कोण हसतं?

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. पाड्यावर रात्री निघू शकणाऱ्या गाड्यांची नावं, चालकांचे नंबर आणि ठरलेलं भाडं एका कागदावर लिहा. एक प्रत सीआरपी ताईकडे, एक प्रत्येक घरात.

२. आपल्या आरोग्य केंद्रात ईसीजी मशिन आहे का, रात्री चालू असतं का, हे आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहा.

३. अशा वेळी निधीतून किती रक्कम बैठक न घेता लगेच द्यायची, कोणाच्या सहीने, ते ठरावात घ्या. अध्यक्ष गावाला गेल्या असतील तर कोण देणार, तेही.

४. मागे राहिलेली पोरं, म्हातारी, गुरं कोण बघणार, त्या दोन घरांची जोडी ठरवा. बऱ्याच बायका याच एका कारणाने घरातून निघत नाहीत.

५. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीने उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, बीपी आणि साखर मोजून घ्या. पैसे लागत नाहीत. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका.

६. नाडी मोजणं आणि छाती दाबणं एकदा सगळ्यांनी करून बघा. छाती दाबायचा सराव उशीवर करा, माणसावर नाही.

आणि घरी गेल्यावर आयेला, सासूला, थोरल्या जावेला एवढंच सांगा: ‘रात्री कसंतरी झालं तर मला उठवायचं. मी रागावणार नाही.’ हे एक वाक्य आधी सांगून ठेवलेलं असलं, तर त्या रात्री ती ओट्यावर एकटी बसून राहणार नाही.